सेवासदनाच्या रमाबाई

उन्हाळा उतरणीला लागतो, तापीच्या आणि गिरणेच्या काठच्या काळ्या रानांत कपाशीच्या पेरणीची तयारी सुरू होते, त्याच सुमारास जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांतील कित्येक घरांत आणखी एक तयारी चाललेली दिसते. बारावीचा निकाल लागलेला असतो. घरातील एखादी मुलगी ओसरीवर बसून आपली कागदपत्रे नीट लावून ठेवीत असते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, प्रवेशपरीक्षेचा निकाल, छायाचित्रे. एकही कागद राहू नये म्हणून ती पुन्हा पुन्हा यादी पाहते. तिला परिचर्येच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदवीसाठी अर्ज करावयाचा असतो. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय घेतलेले असले म्हणजे त्याचे दार उघडते. वडील शुल्काची चौकशी करतात, आई वसतिगृहाची काळजी करते, आजी नातीच्या डोक्यावरून हात फिरविते. आपली मुलगी परिचारिका झाली तर कुळाला बट्टा लागेल, अशी भीती आज सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

मुलांनो, ही गोष्ट तुम्हांला अगदी साधी वाटेल. परंतु सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी ती साधी नव्हती. त्या काळी एखाद्या पांढरपेशा हिंदू घरातील मुलीने किंवा सुनेने परिचारिका होण्याचा विचार नुसता बोलून दाखविला असता, तरी घरात हलकल्लोळ माजला असता. तिच्या वाटेत उभा असलेला अडथळा गुणांचा नव्हता, पैशाचाही नव्हता. तो होता लोकांच्या जिभेचा. हा अडथळा दूर करण्यासाठी ज्या स्त्रीने आपल्या आयुष्याची उत्तरार्धातील सारी वर्षे वेचली, त्या होत्या रमाबाई रानडे. आणि खानदेशातील मुलांनी आवर्जून ध्यानात ठेवावे असे की, या रमाबाईंच्या तरुणपणातील काही काळ आपल्या धुळे गावीच गेला होता.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकर यांच्या घराण्यात झाला. माहेरचे त्यांचे नाव यमुना. त्या काळी मुलींना शिकविण्याची चाल नव्हती. मुलीच्या हातात पुस्तक गेले तर तिच्या नवऱ्याचे अनिष्ट होते, असा वेडगळ समज घरोघरी पसरलेला होता. त्यामुळे यमुना अकरा वर्षांची होईपर्यंत तिला अक्षरओळखही झालेली नव्हती. १८७३ सालच्या अखेरीस तिचे लग्न झाले आणि ती रमाबाई होऊन पुण्याला आली.

तिचे पती म्हणजे महादेव गोविंद रानडे. ते त्या वेळी एकतीस वर्षांचे होते. मोठे विद्वान आणि सरकारी न्यायाधीश म्हणून त्यांचा लौकिक झाला होता. त्यांची पहिली पत्नी थोड्याच दिवसांपूर्वी वारली होती. माधवराव विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. तेव्हा ते स्वतः एखाद्या विधवेशीच विवाह करतील, अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही, आणि लहान मुलीशी लग्न करण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्याबद्दल लोकांनी त्यांना नावे ठेवली आणि हा दोष त्यांनी निमूटपणे सोसला. मात्र एक गोष्ट त्यांनी तत्काळ केली. लग्न होऊन घरी आलेल्या त्या मुलीला त्यांनी स्वतः शिकविण्यास आरंभ केला. धुळाक्षरांपासून सुरू झालेला हा अभ्यास वाचन, लेखन, हिशेब आणि पुढे इंग्रजी असा वाढत गेला.

हे शिक्षण सुखासुखी झाले असे मात्र समजू नका. माधवरावांच्या मोठ्या कुटुंबात वडीलधाऱ्या पुष्कळ स्त्रिया होत्या. त्यांना सुनेचे हे पुस्तक मुळीच खपत नसे. तिच्याशी अबोला धरावा, तिला टोमणे मारावे, कामाच्या वेळी मुद्दाम तिच्या वाचनाचा उल्लेख करून तिला हिणवावे, असा क्रम रोजचाच होता. पुढे इंग्रजी शिकविण्यासाठी परधर्मी बाई घरी येऊ लागल्या, तेव्हा तर विटाळाची भर पडली. दिवसा घरकाम, रात्री अभ्यास, आणि मध्ये हे वाग्बाण. रमाबाईंनी कोणाला उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे किती कठीण असते, हे ज्याने घरच्यांचा राग सोसून काही शिकण्याचा प्रयत्न केला असेल त्यालाच कळेल. ही तालीम रमाबाईंना पुढे फार उपयोगी पडली.

नाशिकला असताना रमाबाईंचे शिक्षण बरेच पुढे गेले. इतक्यात १८७९ साल उजाडले. त्या वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी इंग्रजी राज्याविरुद्ध बंड उभारले होते. मे महिन्यात पुण्याचा बुधवारवाडा आगीत भस्मसात झाला. सरकारचा पुण्यातील सुशिक्षितांवरचा संशय बळावला आणि माधवरावांसारख्या पुढाऱ्यावर विशेष नजर गेली. त्यांची बदली ऐन उन्हाळ्यात धुळ्याला करण्यात आली.

त्या काळी खानदेश हा एकच जिल्हा होता आणि धुळे हे त्याचे मुख्य ठिकाण होते. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे त्याचे दोन भाग १९०६ साली झाले; तेच पुढे जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. १८७९ साली धुळ्याला आगगाडी नव्हती. ती १९०० साली चाळीसगावहून आली. पांझरेच्या काठच्या या दूरच्या गावी, अंगाची लाही करणाऱ्या उन्हात, सतरा वर्षांच्या रमाबाई आपला संसार मांडून बसल्या. येथे पुण्यासारखी सभासंमेलने नव्हती, परिचयाची माणसेही थोडी होती.

धुळ्यास माधवरावांना एक चमत्कारिक अनुभव आला. त्यांच्या नावे येणारी पत्रे सरकारी अधिकारी फोडून पाहत. काही दिवसांनी बंडवाल्यांच्या नावाची पत्रेही त्यांना येऊ लागली. आपण अमुक ठिकाणी लूट करणार आहोत, अमुक ठिकाणी उठाव करणार आहोत, असा मजकूर त्यांत असे. हा सापळा आहे हे माधवरावांनी ओळखले. त्यांनी ती पत्रे लपविली नाहीत, जाळलीही नाहीत. आली तशी ती पोलिसांकडे पाठवून दिली. पोलन नावाचे एक इंग्रज अधिकारी त्यांना संध्याकाळी आपल्या गाडीतून फिरावयास नेत आणि निरनिराळ्या विषयांवर त्यांच्याशी बोलत. पुढे या अधिकाऱ्यांचीच खात्री पटली की, या गृहस्थांच्या मनात काळेबेरे काही नाही. संशय निवळला. १८८१ च्या आरंभी माधवरावांची मुंबईस नेमणूक झाली आणि धुळ्याचा मुक्काम हलला.

ज्याच्यापाशी लपविण्यासारखे काही नाही, त्याने संशयाला भिऊन दार लावून घेऊ नये. उलट ते उघडे ठेवावे. ही गोष्ट रमाबाईंनी धुळ्याच्या घरात आपल्या डोळ्यांनी पाहिली. पुढे तीस वर्षांनी त्यांच्या कामावर लोकांच्या संशयाची दृष्टी पडली, तेव्हा त्याही अशाच वागल्या.

पुण्यास परत आल्यावर रमाबाईंचा सार्वजनिक कामाशी संबंध वाढू लागला. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, तेव्हा त्यांच्या आर्य महिला समाजाच्या सभांना त्या जाऊ लागल्या. मुलींसाठी इंग्रजी शाळा निघावी म्हणून पुण्यात खटपट चालली होती. तीत रानडे पतिपत्नींचा मोठा भाग होता. १८८४ साली ती शाळा निघाली. हुजूरपागा या नावाने ती आजही प्रसिद्ध आहे. पुढे १८९३ साली माधवराव मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईतही रमाबाईंनी स्त्रियांसाठी मंडळ काढून शिवण, भाषा आणि सामान्य ज्ञान यांचे वर्ग चालविले.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे निवर्तले. त्या वेळी रमाबाईंचे वय चाळिशीच्या आत होते. ज्याने हाताला धरून अक्षरे गिरवायला लाविली, तो गुरू आणि पती एकाच क्षणी गेला. त्या मुंबई सोडून पुण्याच्या वाड्यात येऊन राहिल्या. वर्षभर त्या घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. पतीची धर्मपर व्याख्याने एकत्र करून प्रसिद्ध करणे, एवढेच काम त्यांनी त्या काळात हाती घेतले.

परंतु दुःखाला कवटाळून बसणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. हळूहळू त्या घराबाहेर पडू लागल्या. येरवड्याच्या तुरुंगातील कैदी स्त्रियांना त्या भेटत, त्यांच्याशी चार शब्द बोलत. रुग्णालयात जाऊन रोग्यांना फळे, फुले आणि पुस्तके देत. १९०४ साली मुंबईस भारत महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. तुरुंगात आणि रुग्णालयात हिंडताना एक गोष्ट त्यांच्या नजरेस पडत होती. दुःख पुष्कळ होते, पण ते निवारण्यासाठी शिकलेल्या स्त्रियांचे हात मात्र फार थोडे होते.

हे हात थोडे का होते, ते आता पाहू. रोग्याची शुश्रूषा करणे हे पुण्यकर्म आहे, असे लोक तोंडाने म्हणत असत. घरातील आजारी माणसाची सेवा स्त्रियाच करीत. परंतु परक्या माणसाची जखम धुणे, त्याचे मलमूत्र काढणे, रात्री रुग्णालयात जागरण करणे, कोणत्याही जातीच्या रोग्याला स्पर्श करणे, आणि या कामाचा पगार घेणे, हे सारे प्रतिष्ठित हिंदू घराण्यांना कमीपणाचे वाटे. बाळंतपण करणाऱ्या सुइणीलाही समाजात मान नसे. म्हणून रुग्णालयांतील परिचारिका बहुधा युरोपियन किंवा ख्रिस्ती असत. पडद्यात वाढलेल्या स्त्रिया रुग्णालयात जाण्यास आधीच भीत. तेथे आपली भाषा बोलणारी, आपले सोवळेओवळे जाणणारी बाई नाही म्हणून त्या आणखीच बिचकत आणि दुखणे अंगावर काढीत. कित्येक बाळंतिणी अशाने दगावत.

ही समजूत आपल्याच देशात होती असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडातही परिचारिकेचा धंदा हलका मानीत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या श्रीमंत घरातील मुलीने हे काम पत्करण्याचे ठरविले, तेव्हा तिच्या घरच्यांनी मोठा विरोध केला होता. क्रिमियाच्या युद्धात तिने जखमी सैनिकांची सेवा केली आणि १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात तिच्या प्रयत्नांनी परिचारिकांचे विद्यालय निघाले. तेव्हापासून तिकडे या कामाला शिस्त आणि मान मिळू लागला. आपल्याकडे १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी स्वतः रोग्यांची सेवा केली आणि त्यातच प्लेग होऊन त्यांचा अंत झाला. असे उदात्त उदाहरण डोळ्यांपुढे असूनही, हे काम शास्त्रशुद्ध रीतीने शिकून घ्यावयास घरोघरच्या स्त्रिया पुढे येत नव्हत्या.

१९०८ साली मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि सिंधचे दयाराम गिडुमल हे रमाबाईंकडे आले. स्त्रियांसाठी एक आश्रयस्थान काढावे आणि तेथे त्यांना परिचारिकेचे शिक्षण द्यावे, अशी त्यांची कल्पना होती. रमाबाईंनी या कामात साहाय्य केले आणि मुंबईचे सेवासदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुण्यास रमाबाईंच्या राहत्या वाड्यात पुणे सेवासदनाची स्थापना झाली. नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजातील गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे या कार्यातील मोठे सहकारी. देवधरांनी योजना आखावी, पैसा मिळवावा, आणि रमाबाईंनी त्या योजनेत माणसाची माया ओतावी, असा तो जोड होता.

सेवासदनात येणाऱ्या स्त्रिया कोण होत्या? कोणी बालविधवा होत्या, कोणी नवऱ्याने टाकलेल्या होत्या, कोणाच्या घरी अठरा विश्वे दारिद्र्य होते. सासरी नको, माहेरी जड, अशी ज्यांची स्थिती, त्यांना आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी राबून मिळेल ते खावे लागे. यांच्यातील कित्येकींना अक्षरओळख नव्हती. आणि परिचारिकेला तर वाचता आलेच पाहिजे. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी चुकीची वाचली तर औषधाचेच विष होते. ताप मोजून त्याचा आकडा लिहून ठेवावा लागतो, नाडीचे ठोके घड्याळाशी ताडून पाहावे लागतात, जखमेला लावावयाची प्रत्येक वस्तू उकळून निर्जंतुक करावी लागते. म्हणून सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठी आधी लेखन-वाचनाचे वर्ग असत. पाटी हाती धरण्यास लाजणाऱ्या पंचविशीतल्या बाईला रमाबाई समजावून सांगत. स्वतः अकराव्या वर्षी मुळाक्षरांपासून आरंभ केला असल्यामुळे त्यांचे सांगणे त्या बाईला पटे.

तयारी झालेल्या स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठविण्याची योजना होती. आणि येथेच खरी अडचण उभी राहिली. आजची मुलगी अर्जासोबत दाखले जोडते. त्या काळच्या स्त्रीला एकच दाखला हवा होता, आणि तोच मिळत नव्हता. तो म्हणजे घरच्यांचा होकार. सासरा म्हणे, आमच्या घराण्याची सून परपुरुषाची सेवा करणार नाही. भाऊ म्हणे, बहिणीला दवाखान्यात धाडले तर माझ्या मुलींची लग्ने व्हावयाची नाहीत. आणि ती बाई स्वतः म्हणे, मला शिकावयाचे आहे, पण लोक काय म्हणतील?

हा होकार मिळविण्याचे काम रमाबाईंनी आपल्याकडे घेतले. लोकांशी बोलून त्या त्यांची मने वळवीत. त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी होत्या. त्यांच्या शब्दाला वजन होते. पण नुसते वजन पुरत नाही. ज्या बाईची भीती घालवावयाची, तिला आपली भीती कोणीतरी पूर्वी सोसली आहे, हे कळावे लागते. घरच्यांचे टोमणे, शेजारणींचे हसणे, विटाळाचा बाऊ, यांतील एकही गोष्ट रमाबाईंना नवी नव्हती. त्यामुळे त्या कोणाला भित्री म्हणून हिणवीत नसत. त्या धीर देत, वाट पाहत आणि पुन्हा जाऊन सांगत. हळूहळू एकेक बाई तयार होऊ लागली. या शिक्षणासाठी त्यांच्या राहण्याची वेगळी व्यवस्था करण्यात आली. ज्या स्त्रिया रुग्णालयाचे नाव काढताच दचकत, त्या रात्रीच्या पाळीला जाऊ लागल्या, शस्त्रक्रियेच्या वेळी न डगमगता उभ्या राहू लागल्या, आणि महिनाअखेर आपल्या कष्टाचा पैसा हाती घेऊ लागल्या. त्यांच्या आजूबाजूचे लोक हे पाहत होते. काही स्त्रिया तर याहून पुढे जाऊन वैद्यकाचे शिक्षण घेऊ लागल्या.

तरीही लोकांच्या जिभेने एकदम हार मानली नाही. याविषयी एक प्रसंग सांगतात. सेवासदनाचा वार्षिक पारितोषिकसमारंभ होता. सभागृह भरून गेले होते. वरच्या सज्जात कॉलेजांतील तरुण विद्यार्थ्यांची गर्दी होती. बक्षिसे देता देता एका तरुण विधवेचे नाव पुकारले गेले. त्या काळच्या रूढीप्रमाणे तिच्या डोक्याचे केस काढलेले होते आणि अंगावर विधवेचा वेष होता. ती व्यासपीठावर आली, तोच सज्जातील विद्यार्थी तिची टर उडवू लागले, ओरडू लागले. पुस्तके शिकून, परीक्षा देऊन, आपल्या गुणांनी मिळविलेले बक्षीस घ्यावयास आलेली ती बाई त्या क्षणी किती खचली असेल, याची कल्पना करा.

रमाबाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. समारंभ संपत आला आणि आभार मानण्यासाठी त्या उठल्या. आता दोन गोड शब्द बोलून त्या सभेला निरोप देतील, असे सर्वांना वाटले. पण जन्मभर दुसऱ्याचे बोलणे मुकाट्याने सोसणाऱ्या या बाईंनी त्या दिवशी मात्र सोसले नाही. त्यांनी सज्जाकडे पाहून त्या तरुणांची कडक शब्दांत कानउघाडणी केली. दुर्दैवाने आणि दुष्ट रूढीने जिला हे रूप दिले, तिच्याविषयी ज्यांना कणव वाटत नाही, त्यांना महाविद्यालयात जाऊनही सुशिक्षित म्हणता येणार नाही, असे त्यांनी बजावले. आज तुम्ही जिला हसलात ती तुमच्यातील कोणाची बहीण असू शकेल, कोणाची आईही असू शकेल, हे त्यांनी त्यांच्या ध्यानात आणून दिले. सभागृह चिडीचूप झाले. मघाशी हसणाऱ्या तरुणांच्या माना खाली गेल्या.

या प्रसंगातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. लोक हसतील हे रमाबाईंना ठाऊक नव्हते काय? पुरेपूर ठाऊक होते. त्या बाईला आत बोलावून, चार भिंतींच्या आड बक्षीस देणे सोपे होते. पण लपविण्यासारखे त्यात काय होते? त्यांनी दार उघडे ठेवले, तिला सर्वांदेखत व्यासपीठावर आणले, आणि जेव्हा समाज हसला तेव्हा त्या स्वतः तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. धुळ्यास आलेली संशयी पत्रे माधवरावांनी उघडपणे पुढे केली होती. त्याच मार्गाचे हे अनुसरण होते.

सेवासदनाची कीर्ती वाढत गेली. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेला रमाबाई सेवासदनातील स्त्रियांना बरोबर घेऊन आळंदीस जात आणि वारकरी स्त्रियांची सेवा करीत. गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा तेथेही त्या मदतीसाठी धावल्या. ज्यांना कालपर्यंत कोणी दारात उभे करीत नव्हते, त्या स्त्रिया आता लोकांच्या अडीअडचणीला धावून जात होत्या. हे पाहिल्यावर लोकांची भाषा आपोआप बदलू लागली. पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावयाचे ठरले, तेव्हा ते फक्त मुलांनाच नव्हे तर मुलींनाही असावे, यासाठी रमाबाईंनी स्त्रियांच्या चळवळीचे नेतृत्व केले. स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणूनही त्या झटल्या.

आपल्या पतीच्या सहवासातील आठवणी त्यांनी लिहून काढल्या. ते पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. जी मुलगी अकरा वर्षांपर्यंत निरक्षर होती, तिच्या हातून एवढे सरस पुस्तक उतरावे, याहून शिक्षणाचा मोठा महिमा कोणता? १९२४ साली रमाबाईंचे निधन झाले. त्या वेळी सेवासदनाच्या निरनिराळ्या विभागांत मिळून हजाराच्या घरात स्त्रिया शिकत होत्या. १९६२ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

मुलांनो, रमाबाई स्वतः परिचारिका नव्हत्या. त्यांनी कोणतीही पदवी घेतली नव्हती. त्यांनी केले ते एवढेच की, दुसऱ्या स्त्रियांना ते शिक्षण घेता यावे म्हणून वाटेतील काटे आपल्या हातांनी वेचले. जो वाट चालतो त्याचे नाव लोक घेतात. जो वाट करून ठेवतो तो पुष्कळदा विसरला जातो. आज जळगाव आणि धुळे येथील रुग्णालयांत तुम्ही गेलात, तर रोग्याच्या उशाशी उभी असलेली परिचारिका तुम्हांला दिसेल. ती अहिराणीत त्याची विचारपूस करते, त्याच्या अंगाला हात लावून ताप पाहते, आणि त्याची जात विचारीत नाही. आता हे काम मुलगेही शिकतात. लोक तिला आदराने सिस्टर, म्हणजे बहीण म्हणून हाक मारतात. त्या समारंभात रमाबाईंनी तरुणांना जे नाते आठवून दिले होते, तेच हे नाते आहे.

तुमच्यापैकी कोणी उद्या असा अर्ज भरावयास बसेल. त्यात नाव, पत्ता, गुण असे अनेक रकाने असतील. लोक काय म्हणतील, असा रकाना मात्र त्यात कोठेही असणार नाही. तो रकाना खोडून टाकण्यासाठी कोणाला किती सोसावे लागले, याची आठवण तेवढी त्या वेळी मनात असू द्या.